बर्फात इंजिन का फुटतं? गॅरेज आणि स्पेअर पार्टवाल्यांसाठी कूलंटचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत रिफ्रॅक्टोमीटर कसा वापरायचा ते दाखवलं. व्हिडिओत हिशोब पटकन पुढे जातो, म्हणून तो इथे निवांत लिहून देतोय. गॅरेज, स्पेअर पार्टचं दुकान किंवा टुरिस्ट गाड्यांचा धंदा सुरू करायचा विचार असेल, तर हे नीट वाचा.

आधी प्रश्न येतो, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? बरोबर आहे. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दव गोठलं की फोटो पेपरात येतात, निफाडचा पारा घसरला की बातमी होते. पण तेवढ्या थंडीने इंजिनाला काही होत नाही. प्रश्न आहे तो इथून उत्तरेला जाणाऱ्या गाड्यांचा. डिसेंबर-जानेवारीत आपली मंडळी स्वतःची गाडी घेऊन मनाली, गुलमर्गला जातात. मनाली-लेह रस्ता हिवाळ्यात बंद असतो, पण किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझापर्यंत हौशी लोक पोचतात. काझा साडेतीन हजार मीटरपेक्षा उंचावर आहे. तिथे हिवाळ्याच्या रात्री पारा उणे २० अंशांच्या खाली जाऊ शकतो. आणि या गाडीत शेवटचं पाणी कोणी टाकलेलं असतं? तुम्ही, मी किंवा आपल्या शेजारच्या गॅरेजवाल्याने.

नेमकं होतं काय?

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये काचेची बाटली भरून ठेवली तर ती तडकते, तसंच हे आहे. इंजिन ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवती पाणी फिरायला पोकळ्या असतात. दिवसभर गाडी चालू असते तोवर सगळं गरम. रात्री हॉटेलबाहेर उघड्यावर उभी केली की ते पाणी गोठतं, फुगतं आणि जागा नसली की ब्लॉक, हेड किंवा रेडिएटरला तडा देतं. ब्लॉक बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. टोइंगचे पैसे आणि बुडालेली ट्रिप वेगळी.

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या असतात, त्यांना फ्रीझ प्लग म्हणतात. ओतकामातली वाळू काढायची भोकं बंद करायला त्या बसवलेल्या असतात. दाबाने कधी टोपी उडते आणि ब्लॉक वाचतो, पण ते नशीब झालं. त्यावर गिऱ्हाइकाची गाडी सोडायची नसते.

कूलंट किती हवं?

कूलंटमधला मुख्य घटक म्हणजे इथिलीन ग्लायकॉल. ते पाण्यात मिसळलं की गोठण्याचं तापमान खाली जातं. हे आकडे दुकानात भिंतीवर लावून ठेवा:

- नुसतं पाणी: ० अंश
- एक भाग ग्लायकॉल, दोन भाग पाणी: साधारण उणे १७
- निम्मं-निम्मं: साधारण उणे ३७
- नुसतं ग्लायकॉल: साधारण उणे १३

शेवटची ओळ परत वाचा. "थंडी जास्त आहे, मग पाणी न घालता सगळं कूलंटच ओता" असं म्हणणारे भेटतात. नुसतं ग्लायकॉल निम्म्या-निम्म्या मिश्रणापेक्षा लवकर गोठतं, शिवाय ते उष्णताही कमी वाहून नेतं. म्हणून निम्मं-निम्मं हा सोपा नियम.

खरी गडबड टॉप-अपमध्ये

समजा गाडीत ६ लिटर मिश्रण बसतं. कंपनीतून आली तेव्हा त्यात ३ लिटर ग्लायकॉल होतं. पुढे होज गळाला आणि २ लिटर मिश्रण गेलं, म्हणजे १ लिटर ग्लायकॉल गेलं. पेट्रोल पंपावर २ लिटर नळाचं पाणी भरलं. आता ६ लिटरमध्ये ग्लायकॉल उरलं २ लिटर, म्हणजे एक तृतीयांश. उणे ३७ ची गाडी उणे १७ वर आली. टाकी फुल दिसते, रंगही हिरवाच दिसतो. पुण्यात, साताऱ्यात ही गाडी वर्षभर छान चालेल. काझात एका रात्रीत अडकेल.

दुरुस्ती सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना दीड लिटर मिश्रण काढा आणि दीड लिटर कॉन्सन्ट्रेट घाला. काढलेल्यात अर्धा लिटर ग्लायकॉल गेलं, दीड उरलं, दीड नवीन आलं, झाले ३. गाडी चालवून मिश्रण एकजीव करा, थंड होऊ द्या आणि परत मोजा.

इथे तीन गोष्टी सांभाळा. बाटलीवर "रेडी टू यूज" लिहिलं असेल तर त्यात पाणी आधीच असतं, त्याने हा हिशोब जमणार नाही. कॉन्सन्ट्रेट पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरा, नळाच्या पाण्याने क्षार साचतात. आणि रंगावरून कूलंटची जात ओळखू नका. रंग कंपनीगणिक बदलतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकारच वापरा.

यात धंदा कुठे आहे?

हातात धरायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर हजार-दोन हजारांत मिळतो. काचेवर कूलंटचे दोन थेंब टाकले की गोठण्याचं तापमान स्केलवर दिसतं. बिलिंग करताना एकच प्रश्न विचारायची सवय लावा: "दादा, गाडी कुठे चाललीय?" उत्तर उत्तरेचं आलं की तपासणी करा. एका कार्डावर तारीख, गाडी नंबर आणि आलेला आकडा लिहून द्या. सोबत इंजिन ऑइलचा ग्रेडही बघा. ५डब्ल्यू, १५डब्ल्यू यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. आकडा लहान तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. पण मॅन्युअलबाहेरचा ग्रेड सुचवू नका. डिझेल गाडीवाल्याला सांगा की कडक थंडीत आपल्याकडचं डिझेल घट्ट होतं, म्हणून टाकी तिकडच्या पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल आणलं, ते याच कारणासाठी.

गिऱ्हाइकाला हेही सांगून ठेवा: सकाळी कूलंट गोठल्याची शंका आली तर स्टार्टर मारायचा नाही, इंजिनावर उकळतं पाणी ओतायचं नाही. पंप तुटू शकतो, धातू तडकू शकतो. गाडी आडोशाला ढकलून हळूहळू गरम होऊ द्यायची, मग गळती तपासायची.

आणि जी गाडी कोल्हापूर-सांगलीच्या बाहेर जात नाही, तिच्या मालकाला बर्फाची भीती घालून कूलंट विकू नका. त्याला खरं कारण सांगा: गंज लागत नाही आणि उन्हाळ्यात उकळी उशिरा येते. एवढ्यावरही तो घेतो.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून लेबल लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

आजचा गृहपाठ: तुमच्या स्वतःच्या किंवा घरातल्या एका गाडीचं मॅन्युअल उघडा, कूलंट किती लिटर बसतं ते बघा आणि वरचा हिशोब कागदावर करून पाहा. जो हिशोब तुम्ही स्वतः मांडलाय, तोच काउंटरवर गिऱ्हाइकाला पटवून देता येतो.