बोलायला उशीर होतोय, की आणखी काही?

तुमचं बाळ बावीस-तेवीस महिन्यांचं आहे. धावतं, सोफ्यावर चढतं, डब्यांची झाकणं बरोबर जागी बसवतं, पण बोलत नाही. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून आजी सांगतात, "अगं, याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता." पाळणाघरातली ताई मात्र जपून म्हणते, की हाक मारली तर नेहमी वळत नाही. मग रात्री अकरा वाजता तुम्ही फोनवर 'ऑटिझम' हा शब्द शोधायला बसता. न्यूनेनमध्ये राहत असाल तर शोधता शोधता आइंडहोवनवरचा एक शोधनिबंध हमखास समोर येतो आणि उरलीसुरली झोपही जाते. त्या निबंधाकडे येऊच, पण आधी बाळाकडे पाहू.

बोलायला उशीर आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही स्वमग्न मुलं वेळेवर, अगदी भरभरून बोलतात. उलट दोन वर्षांच्या दर दहा मुलांत साधारण एक तरी उशिरा बोलणारं असतं आणि त्यातली निम्म्याहून जास्त पुढे बाकीच्यांना गाठतात. म्हणजे आजी खोटं बोलत नाहीत. अडचण एवढीच, की कोणतं मूल गाठणार आणि कोणतं नाही हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून नुसते शब्द मोजू नका. बोट बघा.

मूल दोन कारणांसाठी बोट दाखवतं. एक, 'मला ते दे'. फडताळावरच्या बिस्किटांकडे दाखवलेलं बोट हे मागणीचं. दुसरं, 'ते बघ!' आकाशात विमान दिसलं, बोट वर गेलं आणि लगेच मान वळून तुमच्याकडे पाहिलं. बाळाला विमान नको आहे, तुम्हीही ते पाहावं एवढंच हवं आहे. आपण पिढ्यानपिढ्या कडेवर घेऊन चांदोबा दाखवतो तो याच कौशल्याचा सराव. न्यूनेन आणि आइंडहोवनच्या मधे व्हॅन गॉगच्या चित्रावरून केलेला, रात्री चमकणारा सायकलमार्ग २०१४ पासून आहे. अंधारात बाळाला तिथे नेलंत, तर ते नुसतं त्या ठिपक्यांकडे पाहत राहतं, की ठिपके आणि तुम्ही असं आळीपाळीने पाहतं? एका संध्याकाळीवरून निदान होत नाही. पण हे दुसऱ्या प्रकारचं बोट दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलांत दिसू लागतं. ते दिसत नसेल, तर शब्द किती आहेत यापेक्षा ती गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

याच्या जोडीला आणखी काही खुणा पाहतात: वर्षाचं झाल्यावरही बडबड किंवा टाटा-बायबायसारखे हावभाव नसणं, नावाला प्रतिसाद न देणं, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणं, दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूदू संपलं' अशी स्वतःची दोन शब्दांची जोडी नसणं. आणि आलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, थांबू नका.

आता तो शोधनिबंध. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने आइंडहोवन, हार्लेम आणि युट्रेख्ट या तीन भागांतल्या शाळांना, तुमच्याकडे ऑटिझमचं निदान झालेली मुलं किती, असं विचारलं. ३६९ शाळांकडून ६२,५०५ मुलांची माहिती आली. दर १०,००० मुलांमागे आइंडहोवनमध्ये २२९, हार्लेममध्ये ८४ आणि युट्रेख्टमध्ये ५७. आइंडहोवनमधल्या सुमारे ३० टक्के नोकऱ्या तंत्रज्ञानातल्या, बाकी दोन्हीकडे त्याच्या निम्म्या. तंत्रज्ञानाकडे ओढा असलेल्या आईबाबांमध्ये ऑटिझमशी जोडलेली जनुकं जास्त असावीत, हा या गटाचा अंदाज होता. पडताळा म्हणून त्यांनी एडीएचडीचे आकडेही घेतले आणि त्यांत भागाभागांत असा फरक नव्हता, त्यामुळे निकाल सहज झटकून टाकता येत नाही.

पण दोघंही चिप-यंत्रांच्या कंपनीत असाल, तर स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. संशोधकांनी मुलांना स्वतः तपासलेलं नाही, शाळांनी सांगितलेली निदानं मोजली आहेत. जिथे लोकांना या विषयाची माहिती जास्त, तिथे निदानंही जास्त होतात. आणि २२९ चा आकडा जसाच्या तसा धरला, तरी १०,००० पैकी ९,७७१ मुलांना ते निदान नव्हतं. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पक्कं झालंय, पण आनुवंशिकता म्हणजे अपराध नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यावर 'थंड स्वभावाच्या आया' हे ऑटिझमचं कारण मानलं जाई. तो सिद्धांत कधीच मोडीत निघाला. आईने नोकरी केली म्हणून असं झालं, असं कुणी म्हणालं तर ते त्याचंच शिळं रूप समजा. लसींचंही तसंच: १९९८ चा तो कुप्रसिद्ध निबंध नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

मग भाषांचा घोळ? घरी मराठी, पाळणाघरात डच, आईबाबांच्या मित्रांशी इंग्रजी. 'एकच भाषा बोला' हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. स्वमग्न मुलांवरच्या अभ्यासांतही दोन भाषांच्या घरात वाढल्याने त्यांची भाषा आणखी मागे पडल्याचं दिसलेलं नाही. मराठी सोडून तुम्ही अडखळत डच बोलू लागलात, तर बाळाला मिळणारी सगळ्यात समृद्ध भाषाच जाते, शिवाय आजी-आजोबाही जातात. स्क्रीनने ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. स्क्रीन गप्पांचा वेळ मात्र खाते, तेवढ्यासाठी ती कमी करा.

इथे नेदरलँड्समध्ये पहिलं दार कोन्सुल्टाटीब्युरोचं. वजन-उंची-लसींसाठी तुम्ही जाताच. तिथले डॉक्टर आणि परिचारिका 'फान वीखन' नावाच्या तक्त्यावर विकासाचे टप्पे नोंदवतात. पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. कदाचित 'एव्हन आफवाख्टन', म्हणजे जरा थांबून बघू, असं उत्तर येईल. रागावू नका, पण कधीपर्यंत थांबायचं आणि तोवर काय दिसायला हवं हे विचारा आणि तारीख लिहून घ्या.

कान आधी तपासून घ्या. जन्मानंतरची श्रवणचाचणी नीट आली होती, हे पुरेसं नाही. सततच्या सर्दीने कानाच्या पडद्यामागे द्रव साठतो आणि मूल पाण्याखाली असल्यासारखं ऐकतं. श्रवण-केंद्रासाठी हाउसआर्ट्सची किंवा कोन्सुल्टाटीब्युरोच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. लोगोपेडिस्टकडे, म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञाकडे, साधारणपणे चिठ्ठीशिवाय जाता येतं आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना 'आयखन रिसिको' लागू नसतो. भाषेचीच अडचण निघाली, तर केन्टालिससारख्या संस्था लहान मुलांसाठी खास गट चालवतात. ऑटिझमच्या तपासणीचा खर्च २०१५ पासून नगरपालिकेच्या अखत्यारीत आहे आणि रांग लांब असू शकते. म्हणून नाव लवकर नोंदवा. निदान आलं नाही, तर रांगेतून नाव काढता येतं.

रांगेत असताना हात बांधून बसायचं कारण नाही. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यात २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांचे पालक होते. निम्म्यांकडे तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य-कार्यकर्ते जात. आई-मूल खेळतानाचा व्हिडिओ घ्यायचा आणि तो आईबरोबर पाहायचा: इथे मुलाने काय केलं, तुम्ही काय केलंत? या पालकांचा मुलांना मिळणारा प्रतिसाद जास्त जुळता झाला आणि मुलंही आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. घरी याचा अर्थ असा: 'हा कुठला रंग? सांग बरं!' अशी परीक्षा घेऊ नका. मूल गाडीचं चाक फिरवत असेल तर जमिनीवर बसा, तुम्हीही चाक फिरवा, 'गोल गोल' म्हणा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. हे थांबणंच सगळ्यात कठीण जातं.

भेटीला जाताना फोनवर दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या: जेवतानाचा, एकट्याने खेळतानाचा, हाक मारल्यावरचा. दवाखान्यात मूल घरच्यासारखं वागेलच असं नाही. आणि शब्दांची यादी करा, सगळ्या भाषांतली मिळून. त्यात 'भूभू', 'मंमं', 'बाऊ', 'जोजो', 'भुर्र' हे सगळे धरायचे. बाळ ते नेहमी त्याच अर्थाने वापरत असेल तर तो शब्दच. फक्त प्रत्येकापुढे अर्थ डचमध्ये किंवा इंग्रजीत लिहा, कारण दाराकडे बघून 'भुर्र' म्हणणारं मूल बाहेर जायचं म्हणतंय हे न्यूनेनच्या लोगोपेडिस्टला कसं कळणार?