तकदीर आणि कसब

मुलगा नापास झाला की त्याची तकदीर फुटकी, आणि पहिला आला की ते त्याचे कसब! आपल्या घरोघरी चालणारा हा न्याय वाचकांच्या परिचयाचा असेलच. हे दोन्ही शब्द मुळातले अरबी. इस्लामी धर्मशास्त्रात त्यांच्यामागे केवढा मोठा वाद उभा आहे, हे वाचू लागलो तेव्हा मी थक्क झालो. ईश्वर जर सर्वशक्तिमान, तर माणूस आपल्या कर्माला जबाबदार कसा, असा तो वाद आहे.

इस्लाम म्हणजे निव्वळ दैववाद, असे आपल्यापैकी पुष्कळजण धरून चालतात. त्यांनी खलिफा उमर यांची गोष्ट ऐकावी. इ. स. ६३८-३९ च्या सुमारास ते सीरियाकडे निघाले असता, पुढे साथ पसरल्याची वार्ता आली. त्यांनी परत फिरायचे ठरवले. तेव्हा सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, ईश्वराच्या संकल्पापासून पळता काय? उमर म्हणाले, होय, पण त्याच्याच दुसऱ्या संकल्पाकडे! दरीच्या एका अंगाला हिरवे कुरण आणि दुसऱ्या अंगाला उजाड माळ असेल, तर उंट कोठेही चारला तरी तो ईश्वरी संकल्पच. पण कुरण कोणते ते पाहायचे उंटवाल्याने. अबू उबैदा मात्र आपल्या सैन्यापाशी राहिले आणि त्याच साथीत वारले. श्रद्धा दोघांचीही तेवढीच अढळ. २०२० सालच्या टाळेबंदीत ही गोष्ट मला वारंवार आठवे.

पुढे दमास्कसला उमय्या घराण्याचे राज्य आले (६६१-७५०). आमची सत्ता ईश्वरानेच नेमली आहे, असे त्यांचे पाठीराखे सांगत. मग जुलमाविरुद्ध तक्रार करणे म्हणजे ईश्वराविरुद्धच तक्रार! माणूस आपल्या कृत्याला स्वतः जबाबदार आहे, असे बजावणारे बसऱ्याचे माबद आणि दमास्कसचे गैलान हे दोघेही त्या राजवटीत मारले गेले. हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हता, तो असा.

नंतरच्या मुतझिला पंथाने ठासून सांगितले की, ईश्वर न्यायी आहे, म्हणून माणूस स्वतंत्र असलाच पाहिजे. याच पंथात वाढलेले बसऱ्याचे अल्-अशअरी पुढे त्यातून बाहेर पडले. आख्यायिका अशी की, त्यांनी गुरूंना तीन भावांविषयी विचारले. एक पुण्यवान, एक पापी आणि एक बालपणीच वारलेला. मला पुण्य करायला आयुष्य का दिले नाहीस, असे बाळ विचारील. तू पापी झाला असतास, असे ईश्वर सांगेल. मग नरकातला भाऊ ओरडेल, देवा, मग मला का लहानपणीच नेले नाहीस? गुरू निरुत्तर झाले.

अशअरींनी तोड काढली ती 'कस्ब' या कल्पनेची. कस्ब म्हणजे कमाई. कृती निर्माण करतो ईश्वर, पण ती आपलीशी करून पदरात घेतो माणूस. थरथर कापणारा हात आणि मुद्दाम उचललेला हात यांतला भेद प्रत्येकाला आतून कळतोच ना? टीकाकारांना मात्र हे कस्ब इतके अवघड वाटले की, त्याचा दुर्बोधपणा अरबीत म्हणीसारखा झाला. आपले 'कसब' ते हेच.

आमच्या पेठेत एक वृद्ध मुसलमान शिंपी होते. दिवाळीचे कपडे कधी मिळतील, असे विचारले की "इन्शाअल्ला, धनतेरसला" म्हणायचे. एकदा मी थट्टेने म्हटले, "चाचा, अल्लाची इच्छा नसली तर?"

कात्रीवरची नजर न काढता ते म्हणाले, "बेटा, हात त्यानं दिले, डोळे त्यानं दिले. पण टाका वाकडा पडला, तर त्याचं नाव घ्यायची मला लाज वाटेल."

अशअरींचे नाव त्यांनी कधी ऐकले असेल, असे मला वाटत नाही.