हौशी मैदानी स्पर्धा आणि अँटवर्पचे भारतीय पथक (१९२०)

धावणे, चालणे, उड्या मारणे व फेकणे या नैसर्गिक क्रियांवर आधारलेल्या क्रीडाप्रकारांना ‘मैदानी क्रीडा’ किंवा ‘अ‍ॅथ्‌लेटिक्स’ म्हणतात. अशा क्रीडांत जो स्पर्धक कोणत्याही आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता केवळ आवडीपोटी भाग घेतो, त्यास ‘हौशी’ व जो पैशासाठी भाग घेतो, त्यास ‘धंदेवाईक’ असे संबोधण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात इंग्‍लंडमध्ये रूढ झाला. आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धांचे आरंभीचे सर्व संघटन याच भेदावर उभारलेले होते. भारताने आपले पहिले अधिकृत ऑलिंपिक पथक १९२० मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथे पाठविले. त्याचा उगम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर झाला. धावण्याची क्षमता अंगी असणे आणि स्पर्धेच्या नियमांनुसार धावणे या दोन भिन्न गोष्टी असून दुसरीसाठी संघटना, साधने व पैसा यांची गरज असते, हे या पथकाच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

‘हौशी’ या संकल्पनेचा उगम : आरंभी ही व्याख्या केवळ पैशापुरती मर्यादित नव्हती. इंग्‍लंडमधील हेन्ली येथील प्रसिद्ध नौकास्पर्धेच्या १८७९ च्या नियमांनुसार यंत्रकामगार, कारागीर व मजूर यांना हौशी समजले जात नसे. शारीरिक श्रमांवर उपजीविका करणाऱ्याचे शरीर कामामुळेच कमावलेले असते व त्यामुळे त्याला इतरांपेक्षा अधिक लाभ मिळतो, असे समर्थन यासाठी पुढे केले जाई. प्रत्यक्षात हा नियम सामाजिक वर्गभेदाचाच द्योतक होता. मैदानी क्रीडांच्या क्षेत्रात १८८० मध्ये इंग्‍लंडमध्ये ‘अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथ्‌लेटिक असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. तिने वर्गाची अट काढून टाकली, पैशाची अट मात्र कायम ठेवली. पॅरिस येथे १८९४ मध्ये प्येअर द कूबेर्तँ यांच्या पुढाकाराने जी परिषद भरली व जिच्यात ऑलिंपिक क्रीडासामन्यांच्या पुनरुज्‍जीवनाचा निर्णय झाला, तिच्या कार्यक्रमपत्रिकेतही हौशीपणाचा प्रश्न अग्रस्थानी होता.

ही अट किती कठोरपणे अंमलात आणली जाई, याचे ठळक उदाहरण म्हणजे जिम थॉर्प हा अमेरिकन खेळाडू. स्टॉकहोम येथील १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने पंचक्रीडा व दशक्रीडा या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. त्यापूर्वी त्याने अल्प मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याचे उघडकीस येताच १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. थॉर्पच्या मृत्यूनंतर (१९५३) अनेक वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याला सहविजेता ठरविण्यात आले व २०२२ मध्ये तोच एकमेव विजेता असल्याचे मान्य करण्यात आले.

नियमांचे एकसूत्रीकरण : आरंभीच्या ऑलिंपिक सामन्यांत प्रत्येक यजमान देश आपल्या प्रथेप्रमाणे स्पर्धा भरवीत असे. त्यामुळे अंतरे, साधनांची वजने, पंचांचे अधिकार यांबाबत वारंवार वाद होत. लंडनच्या १९०८ च्या सामन्यांनंतर सर्वमान्य नियमांची निकड विशेष भासू लागली व स्टॉकहोम येथे जुलै १९१२ मध्ये सतरा देशांच्या प्रतिनिधींनी ‘आंतरराष्ट्रीय हौशी मैदानी क्रीडा महासंघा’ची स्थापना केली. पुढील वर्षी बर्लिन येथे त्याची घटना संमत झाली आणि १९१४ मध्ये लीआँ येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी पहिले तांत्रिक नियम मांडण्यात आले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाल्यामुळे ऑलिंपिकमध्ये त्यांची कसोटी अँटवर्पलाच लागू शकली.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या संयोजनाची मुख्य अंगे पुढीलप्रमाणे होती : स्पर्धकांच्या प्रवेशिका व्यक्तीने परस्पर न पाठविता त्याच्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत पाठवाव्या लागत. स्पर्धक हौशी असल्याची हमी तीच संस्था देई. स्पर्धक अधिक असल्यास प्राथमिक फेऱ्या घेऊन अंतिम फेरीसाठी निवड केली जाई. शर्यत सुरू करून देणारा आरंभक, क्रमांक ठरविणारे पंच आणि वेळ मोजणारे कालमापक यांची कामे वेगवेगळी असत, कारण एकाच व्यक्तीने दोन्ही कामे केल्यास चूक होण्याचा संभव अधिक. पहिल्या क्रमांकाची वेळ तीन कालमापक घेत. दोन घड्याळे जुळल्यास ती वेळ व तिन्ही भिन्न असल्यास मधली वेळ ग्राह्य धरली जाई. त्या काळची स्पर्धेची घड्याळे सामान्यतः एक पंचमांश सेकंदापर्यंतच वेळ दाखवीत.

लघु अंतराच्या शर्यतीत प्रत्येक धावपटूला स्वतंत्र पट्टा देण्यासाठी लहान खुंट्यांना दोऱ्या बांधून धावमार्गाचे विभाग पाडीत. हा वरवर किरकोळ वाटणारा नियम किती मूलगामी आहे, हे एका गणिताने समजते. शर्यत वळणावरून धावली गेल्यास आतील बाजूच्या धावपटूला कमी व बाहेरील धावपटूला अधिक अंतर कापावे लागते. पट्टा १.२२ मी. रुंद असेल, तर पूर्ण अर्धवर्तुळाकार वळणावर लगतच्या दोन पट्ट्यांत सुमारे ३.८ मी. इतका फरक पडतो. शंभर यार्डांच्या (९१.४४ मी.) शर्यतीत तो जवळजवळ अर्ध्या सेकंदाइतका होतो. आरंभरेषा पुढेमागे करून तो भरून काढला नाही, तर विजेता कोण हे पायांपेक्षा उभे राहण्याची जागाच ठरविते.

पुण्यातील पार्श्वभूमी : डेक्कन जिमखाना ही संस्था पुणे येथे १९०६ मध्ये स्थापन झाली. देशी व विदेशी अशा दोन्ही प्रकारच्या खेळांना उत्तेजन देण्याचे धोरण तिने स्वीकारले होते. उद्योगपती सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) हे तिचे अध्यक्ष होते. केंब्रिज येथे शिकत असताना त्यांना इंग्रजी पद्धतीच्या खेळांची गोडी लागली होती. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहून आपल्या मनावर जो परिणाम झाला, त्याचे वर्णन त्यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना १९२९ मध्ये लिहिलेल्या पत्रात केले आहे. स्पर्धक बहुतेक शेतकरी कुटुंबांतील तरुण होते. त्यांचा आहार निकृष्ट होता. आधुनिक सरावाची किंवा युरोपीय नियमांची त्यांना माहिती नव्हती. मैदान लहान व ओबडधोबड असल्यामुळे शंभर यार्डांच्या प्राथमिक फेऱ्यादेखील वळणावरून व दोऱ्यांवाचून घेण्याचे योजिले होते. असे असूनही अनवाणी धावणाऱ्या या तरुणांच्या वेळा युरोपातील धावपटूंशी तुलना करण्याजोग्या आहेत, असे टाटा यांना आढळून आले.

ही तफावत संयोजकांच्या बाबतीतही होती. ऑलिंपिकसाठी निवड करताना शंभर मीटरच्या शर्यतीत पात्रतेसाठी किती वेळ अपेक्षित आहे असा प्रश्न निघाला असता, एका सदस्याने एक-दोन मिनिटे असे उत्तर दिले आणि हे अंतर सेकंदांत व त्याच्याही अंशांत मोजले जाते हे कळल्यावर तो थक्क झाला, अशी एक आठवण सांगितली जाते. (अँटवर्पला ही शर्यत अमेरिकेच्या चार्ल्स पॅडॉकने १०.८ सेकंदांत जिंकली.) ही आठवण हास्यास्पद म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ज्या समाजात मैलोन्‌मैल चालणे-धावणे हे दैनंदिन जीवनाचे अंग होते, तेथे सेकंदाचा अंश मोजण्याचे प्रयोजनच पूर्वी निर्माण झाले नव्हते.

हौशीपणाच्या व्याख्येचा प्रश्न याहून नाजूक होता. महाराष्ट्रात गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरत व विजेत्या मल्लास रोख इनाम, फेटा किंवा कडे दिले जाई. कोल्हापूरसारख्या संस्थानांत मल्लांच्या खुराकाचा खर्च दरबाराकडून होई. ही लोकमान्य व प्रतिष्ठेची परंपरा होती. हौशीपणाचा इंग्रजी नियम शब्दशः लावल्यास तीतील अनेक मल्ल ‘धंदेवाईक’ ठरण्याची शक्यता होती. ज्याच्या घरी सुबत्ता आहे, त्यालाच मोबदल्यावाचून सराव करणे परवडते. म्हणजे सर्वांना समान लेखणारा हा नियम प्रत्यक्षात सर्वांवर समान भार टाकीत नव्हता.

पथकाची निवड व कामगिरी : मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापुढे टाटा यांनी ऑलिंपिकमधील सहभागाची कल्पना मांडली व शासकीय पाठिंबा मिळविला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही भारताच्या सहभागास मान्यता दिली व १९२० मध्येच टाटा हे समितीचे सदस्य झाले. तत्पूर्वी पॅरिसच्या १९०० च्या सामन्यांत कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्ड याने दोन रौप्यपदके मिळविली होती. तथापि तो सहभाग वैयक्तिक होता. निवडीतून चार धावपटू व दोन मल्ल अशा सहा जणांचे पथक तयार झाले. त्यात बंगालचा पूर्मा बॅनर्जी, बेळगावचा फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी हे धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. खर्चाचा भार टाटा यांची देणगी, शासनाचे साहाय्य व इतर वर्गण्या यांवर होता. पथक प्रथम इंग्‍लंडला जाऊन तेथे सराव करून अँटवर्पला गेले.

अँटवर्पचे सामने ऑगस्ट १९२० मध्ये सुरू झाले. त्यांत २९ देशांनी भाग घेतला. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज ऑलिंपिक सामन्यांत प्रथम येथेच फडकला आणि खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याची प्रथाही येथेच सुरू झाली. ती बेल्जियमच्या व्हिक्टर ब्वँ याने घेतली. बॅनर्जी १०० व ४०० मी. शर्यतींच्या प्राथमिक फेरीतच बाद झाला. मॅराथॉन शर्यतीत दातारने शर्यत पूर्ण केली नाही. चौगुले मात्र २ तास ५० मिनिटे ४५.२ सेकंदांत एकोणिसावा आला. फिनलंडचा विजेता हानेस कोलेहमाइनेन याची वेळ २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद अशी होती. या शर्यतीचे अंतर ४२.७५ किमी. होते. ऑलिंपिकमधील मॅराथॉनचे हे सर्वांत मोठे अंतर होय. ४२.१९५ किमी. हे प्रमाण अंतर महासंघाने १९२१ मध्ये निश्चित केले. म्हणजे आंतरराष्ट्रीय नियम पुण्याच्या धावपटूंना अपरिचित होते, तसेच ते स्वतःही अद्याप पूर्णत्वास गेलेले नव्हते. चौगुलेची सरासरी गती दर किमी.ला सुमारे चार मिनिटे इतकी भरते. पद्धतशीर शिक्षणाचा आधार अल्पच लाभलेल्या धावपटूच्या दृष्टीने ही कामगिरी निश्चितच उल्लेखनीय आहे. मुक्त कुस्तीत रणधीर शिंदे पिसावजन गटात चौथा आला व त्याचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. तांबड्या मातीच्या हौद्यात घडलेल्या या मल्लाने गादीवरील निराळ्या नियमांनी हे यश मिळविले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परिणाम : पदक मिळाले नाही, तरी या प्रयत्नातून भारतात क्रीडासंघटनेचा पाया घातला गेला. मद्रासच्या वाय. एम. सी. ए. संस्थेतील ए. जी. नोरेन व हॅरी बक या शारीरिक शिक्षणतज्ञांच्या सहकार्याने प्रांतोप्रांती संघटना उभारण्यात आल्या. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्ली येथे अखिल भारतीय स्पर्धा होऊन तीतून त्या वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकसाठी पथक निवडले गेले. भारतीय ऑलिंपिक संघटना १९२७ मध्ये स्थापन झाली. टाटा हे तिचे पहिले अध्यक्ष व नोरेन हे सचिव होते. भारतीय हौशी मैदानी क्रीडा महासंघ १९४६ मध्ये स्थापन झाला आणि मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे पहिले आशियाई सामने भरविण्यात आले. पैशाची अडचण मात्र दीर्घकाळ टिकून राहिली. हेलसिंकी येथे १९५२ मध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या प्रवासासाठीही लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला.

हौशीपणाच्या अटीचा लोप : अँटवर्प येथे तीन सुवर्णपदके जिंकणारा पाव्हो नुर्मी यालाही प्रवासखर्चाहून अधिक रक्कम घेतल्याच्या आरोपावरून १९३२ च्या सामन्यांपासून दूर ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही देशांत शासनाच्या वेतनावर, तर काही देशांत विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांवर खेळाडू घडविले जाऊ लागले व ही अट नावापुरती उरली. ऑलिंपिक सनदेतील ‘हौशी’ हा शब्द १९७४ मध्ये गळला. महासंघाने १९८२ मध्ये खेळाडूंच्या नावे विश्वस्त निधी ठेवण्यास अनुमती दिली, २००१ मध्ये आपल्या नावातून ‘हौशी’ हा शब्द वगळला आणि २०१९ मध्ये ‘वर्ल्ड अ‍ॅथ्‌लेटिक्स’ हे नाव स्वीकारले. तांत्रिक नियम मात्र अधिकाधिक सूक्ष्म होत गेले. विक्रमासाठी अनुकूल वाऱ्याची मर्यादा सेकंदाला २ मी. ठरविण्यात आली व १९७७ पासून लघु अंतराच्या विक्रमांना विद्युत्‌-कालमापन आवश्यक झाले.

पुण्याच्या वायव्येस पिंपरी–चिंचवड व चाकण येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा औद्योगिक पट्टा विकसित झाला. टाटांच्याच मोटार-उद्योगाचा कारखाना तेथे १९६६ पासून उभा राहिला. हेन्लीचा जुना नियम टिकून राहिला असता, तर या पट्ट्यातील जोडारी, कातारी व यंत्रचालक यांपैकी कोणालाही हौशी स्पर्धक म्हणून उतरता आले नसते. या पट्ट्याला लागून असलेल्या बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल बांधण्यात आले. तेथे २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा सामने व जुलै २०१३ मध्ये आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या वळणावर ज्या आखलेल्या पट्ट्यांचा अभाव होता, ते तेथे कृत्रिम धावमार्गावर कायमचे रेखलेले आहेत. स्पर्धकाचा व्यवसाय कोणता व त्याला वेतन मिळते किंवा नाही, हे प्रश्न आता प्रवेशिकेसाठी विचारले जात नाहीत.