दोन मतदानांमधले दिवस

बेंगळुरूच्या मध्यभागी, शेषाद्री मार्गावर, फ्रीडम पार्क नावाचे एक उद्यान आहे. उद्यान म्हटले की झाडे, बाके आणि खेळणारी मुले डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र मधोमध एक उंच टेहळणी बुरूज उभा आहे आणि भोवती जुन्या बराकींच्या भिंती आहेत. कधी मानधनवाढ मागणाऱ्या अंगणवाडी सेविका, कधी आशा कार्यकर्त्या, तर कधी पिकाला रास्त भाव मागणारे शेतकरी येथे फलक घेऊन बसलेले दिसतात. २००८ साली लोकांसाठी खुले झालेले हे उद्यान पूर्वी बेंगळुरूचे मध्यवर्ती कारागृह होते.

या कारागृहाशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. प्रा. मधु दंडवते हे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. १९७१ साली ते कोकणातील राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. जून १९७५ मध्ये ते पक्षांतरबंदीच्या विधेयकावर विचार करणाऱ्या संसदीय समितीच्या बैठकीसाठी बेंगळुरूला आले होते. २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना अटक झाली. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही त्यांच्याबरोबर पकडले गेले. हे चौघे एकाच पक्षाचे नव्हते आणि त्यांच्या विचारांतही मोठे अंतर होते. मधु दंडवते बेंगळुरूच्या कारागृहात असताना त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते पुण्याच्या येरवडा कारागृहात होत्या. दोघांचा संसार त्या काळात तपासणीतून जाणाऱ्या पत्रांवरच चालला. पुढे याच बेंगळुरूच्या कारागृहात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांनाही ठेवण्यात आले. त्यांना दम्याचा विकार होता. जानेवारी १९७७ मध्ये सुटका झाल्यावर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दंडवते मतदारांनी निवडून दिलेले खासदार होते. राजापूरच्या लोकांनी त्यांना दिलेले मत कोणी रद्द केले नव्हते. परंतु त्या मताच्या आधारे सरकारला जाब विचारण्याचा मार्ग मात्र बंद झाला. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले आणि सभांना बंदी झाली. या चौघांनी आपल्या स्थानबद्धतेविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. असा अर्ज ऐकताच येणार नाही, असे सरकारचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. देशातील इतर अनेक उच्च न्यायालयांनीही असाच कौल दिला. मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारची बाजू उचलून धरली. हाच तो प्रसिद्ध जबलपूर खटला. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांना पुढे सरन्यायाधीशपदाला मुकावे लागले. बहुमतात असलेल्यांपैकी एक होते न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. एक्केचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय चुकीचा ठरवला, तेव्हा मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र होते. ज्या अर्जावरून हा निकाल लागला, तो कर्नाटक उच्च न्यायालयाचे एक निवृत्त न्यायाधीश, के. एस. पुट्टस्वामी, यांनी वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी केला होता. बेंगळुरूतून निघालेली एक तक्रार अशा रीतीने बेंगळुरूतूनच निघालेल्या दुसऱ्या तक्रारीमुळे मार्गी लागली.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत केंद्रातील सरकार बदलले. दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर मऊ गादी आली, ती त्यांच्याच काळात. गंमत अशी, की ज्या कर्नाटकात हे कारागृह होते, तेथील मतदारांनी २८ पैकी २६ जागा सत्ताधारी काँग्रेसलाच दिल्या. कोणाला निवडावे, हे मतदाराने स्वतः ठरवायचे असते.

आपल्या राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते. पण मतदान एका दिवसात संपते आणि पुढची निवडणूक सहसा पाच वर्षांनी येते. मधल्या दिवसांसाठी घटनेचे १९ वे कलम आहे. मत मांडणे, शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमणे आणि संघटना स्थापन करणे हे अधिकार त्यात दिलेले आहेत. ज्याने मत दिले नाही त्याने तक्रार करू नये, असे पुष्कळदा ऐकू येते. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. घटनेने अशी अट कोठेही घातलेली नाही. पोटासाठी सोलापुराहून बेंगळुरूला गेलेल्या बांधकाम मजुराचे नाव तेथील यादीत नसेल, पण तेथील गटाराचे पाणी त्याच्याही खोलीत शिरते. दुसऱ्या बाजूने, ज्याला मत देता येते त्याने ते न देणे हेही योग्य नव्हे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत कर्नाटकात सुमारे ७३ टक्के मतदान झाले. सुशिक्षितांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेंगळुरूत मात्र ते ५५ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

कधी कधी मत देण्याची संधीच येत नाही. बेंगळुरू महापालिकेची निवडणूक २०१५ साली झाली. निवडलेल्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे घटना सांगते. तरीही नवी निवडणूक झाली नाही आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. मुंबईतही मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडले. अशा काळात आपल्या प्रभागासाठी नागरिकाच्या हाती तक्रारीशिवाय दुसरे काय उरते?

ही तक्रार किती काम करू शकते, हे २०१६ साली दिसले. बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत सुमारे पावणेसात किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल बांधायचे राज्य सरकारने ठरवले. खर्च सुमारे १,८०० कोटी रुपये होता आणि आठशेहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. योजनेचा तपशील लोकांना नीट दाखवलेला नाही, हा मुख्य आक्षेप होता. १६ ऑक्टोबरच्या रविवारी हजारो नागरिकांनी रस्त्याच्या कडेला मानवी साखळी केली. त्यांच्या फलकांवर ‘बेडा’ हा शब्द होता. कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘नको’. दुसरीकडे हरित न्यायाधिकरणाकडेही दाद मागण्यात आली. मार्च २०१७ मध्ये सरकारने ही योजना मागे घेतली. त्या महिन्यांत शहरात कोणतीही निवडणूक नव्हती.

शांततेने जमण्याच्या अधिकारावर वाजवी निर्बंध घालता येतात. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे मात्र न्यायालय तपासू शकते. डिसेंबर २०१९ मध्ये बेंगळुरूत लागू झालेला जमावबंदीचा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बेकायदेशीर ठरवला. त्यानंतर २०२१ च्या पोलिस आदेशाने शहरातील निदर्शनांसाठी फ्रीडम पार्क हीच जागा ठरवून दिली. रस्ते मोकळे राहावेत हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्या दारापासून दूर बसून केलेली तक्रार ऐकू जाते का, असा प्रश्न उरतोच.

‘तक्रार’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणे. सतत कुरकुरणाऱ्याला आपण तक्रारखोर म्हणतो, तेव्हा ही पुनरावृत्तीच आपल्याला खटकत असते. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, तेव्हा मात्र कोणी त्याला कुरकूर म्हणत नाही. सारा गाव मागे उभा राहून होकार देतो.

सरकारी कार्यालयापुढे गाऱ्हाणे घालायचे तर ते लेखी असावे. ‘रस्ता फार खराब आहे’ एवढ्याने कोणाला काम लागत नाही. कोणता रस्ता, कोणत्या खांबापासून कोणत्या दुकानापर्यंत, किती दिवसांपासून, कोणाला त्याचा त्रास झाला, हे लिहावे. खाली शेजाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात. अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्यावी. उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार, त्या अर्जाचे पुढे काय झाले, असे विचारता येते. त्यासाठी साधारणपणे दहा रुपये शुल्क पडते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही द्यावे लागत नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. ती उलटली, तर त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. त्या वेळी शिक्का असलेली प्रत बरोबर न्यावी.