पांढऱ्या गणवेशाआडचा आवाज

मुलगी नर्सिंगला जाणार म्हटलं की फी किती, वसतिगृह कसं, नोकरी लागेल ना, असे दहा प्रश्न आपण विचारतो. पण तिथे तिला बोलायला कुणी शिकवणार आहे का, हा अकरावा प्रश्न कुणालाच सुचत नाही. १९२९ पासून ते काम अंगावर घेतलेल्या विद्यार्थी परिचारिकांच्या संघटनेची ही ओळख...

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात पापनाशमला थांबते. तामिळनाडूत या नावाची दोन गावं. धबधब्याचं पापनाशम दूर तिरुनेलवेलीकडे. हे दुसरं, कावेरीच्या खोऱ्यातलं. भाताची खाचरं, केळीच्या बागा, एकशेआठ शिवलिंगांचं देऊळ आणि नायक राजांच्या काळातलं धान्याचं जुनं कोठार. हा सारा मुलूख व्यंकोजीराजांच्या घराण्याने जवळजवळ पावणेदोनशे वर्षं सांभाळला. तंजावर-कुंभकोणमच्या काही घरांत आजही जुन्या वळणाचं मराठी कानावर पडतं.

आरोग्याच्या बाबतीतही हा मुलूख मागे नव्हता. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी तंजावरला धन्वंतरी महाल उभारला. त्यांच्या देखरेखीखाली उपचार झालेल्या नेत्ररुग्णांची टिपणं, डोळ्यांच्या चित्रांसकट, सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. रुग्णाकडे नीट पाहायचं आणि जे दिसलं ते लिहून ठेवायचं, ही शिस्त तिथे दोनशे वर्षांपूर्वी होती!

अशा गावातली बारावी झालेली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. मार्क चांगले आहेत, पण डॉक्टरकीच्या जागा मोजक्या आणि खाजगी कॉलेजची फी आवाक्याबाहेरची. मग घरात ठरतं: नर्सिंग. तंजावर जेमतेम पंचवीस किलोमीटर. ट्रंक भरली जाते, वडील वसतिगृहाच्या दारापर्यंत सोडायला जातात, आई डोळे पुसते. ही मुलगी पापनाशमची असो की फलटणची, पुढची गोष्ट फारशी निराळी नसते. एवढंच, की तिथे ती वरच्या वर्गातल्या मुलीला ‘अक्का’ म्हणेल आणि इथे ‘ताई’.

पहिले सहा महिने

घरी कधी मांजराचं पिल्लू मेलं तरी दोन दिवस न जेवणारी ही मुलगी वॉर्डात उभी राहते. अनोळखी माणसाचं अंग पुसायचं, बेडपॅन द्यायचं, जखम बघायची, आणि हे सगळं चेहऱ्यावर काही न दिसू देता. पहिला मृत्यू बहुतेकींना जन्मभर आठवतो. कालपर्यंत ज्या आजोबांनी ‘पोरी, जेवलीस का?’ म्हणून विचारलं, त्यांच्या खाटेवर आज नवी चादर असते.

त्यातच वॉर्डातली उतरंड. वर मोठे डॉक्टर, मग निवासी डॉक्टर, मेट्रन, सिस्टर इनचार्ज, स्टाफ नर्स आणि सगळ्यांत खाली विद्यार्थिनी. कुणीही हाक मारावी, कुणीही काम सांगावं. शिकायला आलेली मुलगी आणि फुकटची कामकरी यांतली रेघ पुसट व्हायला वेळ लागत नाही. जुन्या काळी सरकारी रुग्णालयांत तीन-साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुली होस्टेलात राहायच्या, थोडंफार विद्यावेतन घ्यायच्या आणि वॉर्डचा मोठा भार त्यांच्याच खांद्यावर असायचा. ‘खाली मान घालून सांगितलं तेवढं करायचं’ हीच चांगल्या विद्यार्थिनीची खूण मानली जायची.

आता विचार करा. औषधाच्या कागदावर ०.५ च्या जागी ५ लिहिलं गेलं आहे. डॉक्टर घाईत आहेत. इंजेक्शन भरणाऱ्या मुलीच्या ते लक्षात आलं आहे. तीन वर्षं जिला फक्त ‘हो’ म्हणायला शिकवलं, ती त्या क्षणी ‘सर, एकदा बघता का?’ असं म्हणू शकेल? खाटेवर आपल्याच घरचं माणूस असेल, तर तिने ते म्हणावं असंच आपल्याला वाटेल ना?

१९२९ची गोष्ट

परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिली प्रशिक्षणार्थी भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव येतं. १८९१ मध्ये त्या मुंबईत शिकायला दाखल झाल्या. त्या काळी भल्या घरची मुलगी परक्याची सेवा करायला घराबाहेर पडते म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १९०५ मध्ये, लखनौला रुग्णालयांच्या परिचारिका अधीक्षिका एकत्र आल्या. त्यातूनच १९०८ मध्ये ‘ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया’ ही प्रशिक्षित परिचारिकांची संघटना आकाराला आली. १९१० मध्ये तिने आपलं नियतकालिक सुरू केलं आणि १९१२ मध्ये ती परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेशी जोडली गेली. पण या सगळ्या शिकून तयार झालेल्या बायका. शिकणाऱ्या मुलींचं काय? त्यांच्यासाठी १९२९ मध्ये त्याच संघटनेच्या छत्राखाली ‘स्टुडंट नर्सेस असोसिएशन’ उभी राहिली. एस.एन.ए. म्हणून ती ओळखली जाते.

तेव्हा परिचारिका होत्या तरी किती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिशोब आहे: ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका! इतक्या थोड्या आणि देशभर विखुरलेल्या मुलींना एका धाग्यात बांधणं हे साधं काम नव्हतं. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली, वेल्लोर तामिळनाडूतलंच. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. शिक्षणाला दर्जा मिळत गेला, तसतशा महाविद्यालयांत एस.एन.ए.च्या शाखा वाढल्या.

शाखेत चालतं काय?

नर्सिंग शाळेत किंवा महाविद्यालयात शाखा असते. प्राचार्या बहुधा अध्यक्षस्थानी, एक शिक्षिका सल्लागार आणि बाकी कारभार विद्यार्थ्यांचा. ‘विद्यार्थ्यांचा’ म्हणायचं कारण, आता मुलगेही या शिक्षणात येऊ लागले आहेत. सचिव, खजिनदार यांची निवड होते. वर्गणी जमते, तिचा हिशोब ठेवावा लागतो. सभा होते, तिचं इतिवृत्त लिहावं लागतं.

वरवर पाहिलं तर यात काय मोठं? भिंतीवर भित्तिपत्रकं, निबंध, वादविवाद, नाच-गाणी, खेळ, रुग्णसेवेच्या अभ्यासाची प्रदर्शनं, वस्तीत जाऊन आरोग्याची माहिती. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, म्हणून परिचारिका दिन. दर दोन वर्षांनी राष्ट्रीय अधिवेशन. तिथे मल्याळी, पंजाबी, तमिळ, मराठी मुली एकाच मांडवात भेटतात.

पण जरा बारकाईने पाहा. घरात पाहुणे आले की आत पळणारी मुलगी सचिव म्हणून दोनशे जणींपुढे उभी राहून अहवाल वाचते. खजिनदार झालेल्या मुलीला पैशाचा हिशोब चुकला तर चारचौघींत उत्तर द्यावं लागतं. वादविवादात वरच्या वर्गातल्या ताईच्या विरुद्ध बाजूने बोलावं लागतं आणि नंतर तिच्याच शेजारी बसून जेवावंही लागतं. मतभेद म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे पुस्तकातून शिकवता येत नाही. ते इथे अंगवळणी पडतं. ‘सर, एकदा बघता का?’ या वाक्याची तालीम ती हीच.

आणि दुसरं म्हणजे सोबत. पहिल्या मृत्यूनंतर रात्री रडणाऱ्या मुलीच्या खाटेवर येऊन बसणारी ताई अनेकदा शाखेच्या कामातूनच ओळखीची झालेली असते.

एकटीचा आवाज, सगळ्यांचा आवाज

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी अत्याचार केला. ती पुन्हा उठली नाही. त्या घटनेनंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. अरुणाला नीट उपचार मिळावेत आणि आपल्याला सुरक्षितपणे काम करता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पुढे १८ मे २०१५ रोजी अरुणाने प्राण सोडला, तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. यातल्या कितीतरी जणी १९७३ मध्ये जन्मल्याही नव्हत्या. एकत्र असण्याचा याहून मोठा धडा कोणता?

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका शिकाऊ डॉक्टरचा अत्याचार करून खून झाला, तेव्हा देशभरचे निवासी डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर आले. महाराष्ट्रात ‘मार्ड’ ही निवासी डॉक्टरांची संघटना आपल्याला चांगलीच परिचयाची आहे. सर्वोच्च न्यायालयाला डॉक्टरांच्या आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमावं लागलं. एकटीदुकटीच्या अर्जाने हे झालं असतं का?

इथे एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. एस.एन.ए. ही कामगार संघटना नाही. जिच्या अध्यक्षस्थानी प्राचार्या आहेत, त्या शाखेच्या सभेत वसतिगृहाच्या जेवणाबद्दल किंवा लागोपाठच्या रात्रपाळ्यांबद्दल बोलायला मुली कचरणारच. त्यामुळे बोलायला शिकवणारी हीच शाखा काही ठिकाणी १२ मेची रांगोळी, दिवा आणि फोटो यांपुरतीच उरू शकते. पद्धत चांगली असली तरी ती चालवणारी माणसं मोकळ्या मनाची हवीत. जी प्राचार्या सभेत आपल्याविरुद्धचा एखादा मुद्दा शांतपणे ऐकते, ती अभ्यासक्रमात नसलेला सर्वांत मोठा विषय शिकवत असते.

शाळेपासूनच का नको?

अमेरिकेत १९७६ पासून ‘होसा’ नावाची विद्यार्थी संघटना आहे. तिथे आरोग्यसेवेत जाऊ पाहणारी मुलं शाळेत असतानाच तिचे सदस्य होतात. प्रथमोपचार, वैद्यकीय परिभाषा यांच्या स्पर्धा होतात. हे काम आपल्याला झेपेल का, आवडेल का, याचा अंदाज मुलांना आधीच येतो.

आपल्याकडे मुलगी आधी प्रवेश घेते आणि मग तिला कळतं की रक्त पाहून चक्कर येते! पण साधनं आपल्याकडेही आहेत. शाळांतून ज्युनियर रेडक्रॉस, महाविद्यालयांतून युथ रेडक्रॉस. तामिळनाडूत तर ही पथकं चांगली रुजली आहेत. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आपल्या मुलांना ठाऊक आहेच. प्रथमोपचाराचे वर्ग, रक्तदान शिबिरं, वृद्धाश्रमातल्या भेटी... बारावीच्या आधी मुलीने यांपैकी कशात तरी दहा-पंधरा दिवस घालवले, तर पुढचा निर्णय ती डोळसपणे घेऊ शकेल.

पालकांनो, एवढं विचारा

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयात फीचे आकडे लिहून घेताना आणखी चार गोष्टी विचारा. संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे ना? एस.एन.ए.ची शाखा आहे का, आणि तिची शेवटची सभा कधी झाली? मुलीला वॉर्डात शिकवायला सोबत शिक्षिका असते, की तिला एकटीला सोडून दिलं जातं? रात्रपाळीहून वसतिगृहात परतताना सोबतीची सोय काय? उत्तरं द्यायला कुणी का-कू केलं, तर त्यावरूनही पुष्कळ कळतं.

आणि एक प्रश्न घरीच, स्वतःला विचारा. मुलगी सुट्टीत घरी आली, म्हणाली, ‘बाबा, मला हे पटत नाही,’ तर आपण काय करतो? ‘चार वर्षं गप्प बसून काढ’ म्हणतो, की पाठ टेकवून नीट ऐकून घेतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे दोन कोटी ऐंशी लाख परिचारिका होत्या आणि आणखी एकोणसाठ लाख कमी पडत होत्या. म्हणजे या मुलींना काम मिळेल, देशात मिळेल, परदेशातही मिळेल. प्रश्न मान मिळण्याचा आहे. तो मागून मिळत नाही आणि नुसत्या सेवेच्या गुणगानानेही मिळत नाही. ज्या दिवशी पापनाशमच्या किंवा फलटणच्या त्या मुलीने औषधाच्या कागदावर बोट ठेवून ‘सर, एकदा बघता का?’ असं म्हटलं आणि सरांनी थांबून खरोखरच बघितलं, त्या दिवशी तो मिळायला सुरुवात झाली असं समजावं.