माशाच्या तेलाची पारख

काटा ज्याच्या हाती त्याचा हिशेब खरा, हे बाजारात माल विकणाऱ्या शेतकऱ्यास आणि पोती वाहणाऱ्या हमालास सांगावे लागत नाही. आज मी प्रकाशाच्या काट्याविषयी बोलणार आहे.

गिरणाकाठी आपण तेलाची परीक्षा नाकाने करतो. घाण्यावरचे शेंगदाण्याचे तेल खवट झाले की घरची बाई वासावरूनच सांगते. माशाच्या तेलाच्या गोळीपुढे मात्र नाक हरते, कारण तेल कवचात बंद असते. आणि बिघडते तेच लवकर! शेंगदाण्याच्या तेलातील ओलेइक आम्लाच्या रेणूत एकच दुहेरी बंध असतो. माशाच्या तेलातील ईपीएमध्ये असे पाच व डीएचएमध्ये सहा बंध असतात. हवेतील प्राणवायू ह्या बंधांच्या शेजारीच घाला घालतो. म्हणजे ज्या गुणासाठी आपण पैसे मोजतो, तोच गुण तेलाचा नाजूक भाग होय.

ही पारख आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचे कॉड माशाचे तेल येईनासे झाले, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचे तेल काढू लागले. त्यात महत्त्व 'अ' जीवनसत्त्वाचे. हे जीवनसत्त्व 325 नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश गिळते. किती प्रकाश गिळला हे मोजले की जीवनसत्त्व किती ते कळते. वर्णपटशास्त्राचे सारे मर्म एवढेच.

तेल बिघडू लागले की दुहेरी बंध जागा बदलतात आणि 232 नॅनोमीटरचा प्रकाश अधिक गिळला जातो. दुसरी वाट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखविली. 28 फेब्रुवारी 1928 रोजी कलकत्त्यास त्यांना आढळले की, पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश रंग बदलून येतो. त्या बदलावरून रेणूतील बंध ओळखता येतात, आणि गोळी न फोडताही आतील तेल तपासता येते.

परंतु यंत्र आपण होऊन बोलत नाही. रासायनिक परीक्षेने ज्यांचा दर्जा ठरला आहे, अशा नमुन्यांशी ते आधी जुळवून घ्यावे लागते. शिवाय एकाच आकड्यावर विसंबू नये. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाने 2017 साली माशाच्या तेलास पेरॉक्साइडचा अंक 5 पर्यंत व ॲनिसिडीनचा 20 पर्यंत अशी मर्यादा घातली. दोन अंक कशाला? पेरॉक्साइड आधी वाढते, मग मोडून कमी होते. त्यामुळे जुने, बिघडलेले तेल त्या एका परीक्षेत चांगले ठरू शकते. मोडल्यावर जे उरते ते ॲनिसिडीनच्या परीक्षेत 350 नॅनोमीटरला पकडले जाते.

आता आपण काय करावे? रोजंदारीवरचा माणूस डॉक्टरांनी सांगितले म्हणून पोटाला चिमटा घेऊन ही बाटली आणतो. त्याला यंत्र परवडणार नाही, पण कायदा त्याचा आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या 40 व्या कलमाने साध्या गिऱ्हाइकालाही शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेता येतो. खरेदी करतानाच दुकानदारास तसे सांगावे लागते. माल नियमाविरुद्ध ठरला तर शुल्क परत मिळते. एकट्याला हे शुल्क जड वाटेल. पन्नास जणांनी वर्गणी काढली तर ते चहाच्या खर्चाएवढे होईल. विज्ञान प्रयोगशाळेत आहे. ते आपल्या कामी लावण्यास संघटना लागते.