मोठ्या श्वानाचे लवकर येणारे वार्धक्य

घर वर आणि दुकान खाली, अशी आमची जुनी वास्तू आहे. मागील चातुर्मासात आमचा राजा जिना चढेनासा झाला. नऊ वर्षांचा, ३६ किलो वजनाचा हा जर्मन शेफर्ड पूर्वी सकाळी किल्ल्यांचा जुडगा वाजला की बाबांच्या आधी खाली पोहोचत असे आणि दुपारी त्यांच्याच मागोमाग वर येत असे. आता तो पहिल्या पायरीशी थांबून वर पाहत राही आणि मग निमूटपणे खालीच अंग टाकी. "वय झालं त्याचं," बाबा म्हणाले. आई तेच म्हणाली, मीही तेच म्हणालो. हे वाक्य आम्ही सुमारे पाच महिने म्हणत राहिलो. अखेर लसीकरणासाठी नेले असता पशुवैद्यांनी त्याच्या खुब्याचे सांधे दाबून पाहिले आणि मला विचारले, "घरात आजींचे गुडघे दुखतात तेव्हा वय झालं म्हणून त्यांचं औषध बंद करता का, शेठ?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. राजाला संधिवात होता, तो वेदना सोसत होता आणि त्यावर उपाय उपलब्ध होता. आपल्या समाजातील अनेक घरांत आणि गोदामांत आज लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर असे मोठे श्वान आहेत. आमच्याकडून जे घडले ते इतरत्र घडू नये, एवढ्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती आयुर्मानाची. प्राणिसृष्टीत साधारणपणे देह मोठा तेवढे आयुष्य दीर्घ. हत्ती उंदरापेक्षा कितीतरी अधिक जगतो. श्वानांच्या जातींमध्ये मात्र हा नियम उलटा होतो. पॉमेरेनियन १२ ते १६ वर्षे सहज जगतो. लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांचे आयुष्य बहुधा १० ते १२ वर्षांचे, रॉटवायलर आणि सेंट बर्नार्ड यांचे ८ ते १० वर्षांचे. ग्रेट डेन तर पुष्कळदा आठव्या-नवव्या वर्षीच जातो. जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाच्या कॉर्नेलिया क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७४ जातींच्या ५६ हजारांहून अधिक श्वानांच्या नोंदी तपासून २०१३ साली असे दाखविले, की शरीराच्या दर दोन किलो वजनामागे अपेक्षित आयुष्य सुमारे एक महिन्याने घटते. मोठ्या श्वानाचे वार्धक्य एकदा सुरू झाले की ते अधिक वेगाने पुढे सरकते, हाही त्यांचाच निष्कर्ष. जन्मतः अर्धा-पाऊण किलोचे ग्रेट डेनचे पिल्लू दीड वर्षात पन्नास किलोंच्या पुढे जाते. या झपाट्याच्या वाढीची किंमत शरीराला पुढे मोजावी लागत असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

श्वानाचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा आपल्याकडील रूढ हिशेबही खरा नाही. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी १०४ लॅब्रॅडोर श्वानांच्या डीएनएवरील वयाच्या खुणा मानवाशी ताडून २०२० साली वेगळे कोष्टक मांडले. त्यानुसार एक वर्षाचा लॅब्रॅडोर तिशीतल्या माणसासारखा, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडलेला आणि सात वर्षांचा साठीच्या पुढचा ठरतो. म्हणजे ज्याला आपण अजून ऐन भरातला समजतो, तो निवृत्तीच्या वयाला पोहोचलेला असतो. म्हणून मोठ्या श्वानाची सहाव्या-सातव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी रक्ताची, लघवीची आणि दातांची तपासणी करून घ्यावी. व्यापारात आपण वर्षाअखेरीची वाट न पाहता मधूनच खाते तपासतो, तसेच हे.

आता वार्धक्याच्या खुणांविषयी. तोंडाभोवतीचे केस पांढरे होणे, झोप वाढणे, ऐकू कमी येणे ही वयाची साधी लक्षणे होत. डोळ्यांत निळसर धुरकटपणा दिसू लागतो, तेव्हा घरातील मंडळी मोतीबिंदू समजून घाबरतात. परंतु पुष्कळदा तो भिंगाचा वयोमानानुसार आलेला घट्टपणा असतो आणि श्वानाला बऱ्यापैकी दिसत असते. फरक पशुवैद्यच सांगू शकतात.

खरी फसगत होते ती वयाच्या आड लपलेल्या आजारांमुळे. श्वान सहसा कण्हत नाही. उठताना मागचे पाय आधी चाचपणे, बसण्यापूर्वी दोन-तीनदा फिरणे, मोटारीत उडी मारण्याचे टाळणे, एकच सांधा सतत चाटणे, लहान मुलाने पाठीवर हात ठेवताच अंग चोरणे, ही त्याची वेदना सांगण्याची भाषा आहे. खाणे तेवढेच असून वजन वाढत असेल, केस विरळ होत असतील आणि तो सुस्त झाला असेल, तर थायरॉइडची तपासणी करावी. रोजच्या गोळीने असा श्वान पुन्हा ताजातवाना झालेला दिसतो. पाणी पिणे एकाएकी वाढले तर मूत्रपिंड किंवा मधुमेह. नसबंदी न झालेल्या मादीमध्ये गर्भाशयातील पू, आणि तो तर प्राणघातक ठरतो. वृद्ध लॅब्रॅडोरचे भुंकणे घोगरे झाले आणि थोड्या चालण्याने श्वास घरघरू लागला, तर स्वरयंत्राचा पक्षाघात असू शकतो. अशा श्वानाला आपला वैशाखाचा उन्हाळा सोसत नाही. एकाच पायाने अचानक सुरू झालेले लंगडणेही चार दिवस पाहू म्हणून सोडू नये. मोठ्या जातींत हाडाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे. आणि रात्री घरातल्या घरात भटकणे, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे पाहत राहणे, हा हट्ट नसून स्मृतिभ्रंश असू शकतो.

एक इशारा येथेच देतो. घरातील गुडघेदुखीची गोळी त्याला कदापि देऊ नये. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल ही औषधे श्वानाच्या जठराला, मूत्रपिंडाला आणि यकृताला घातक ठरतात. त्यांच्यासाठी वेगळी वेदनाशामके असतात.

राजाच्या बाबतीत औषधाइतकाच गुण आला तो सतरंज्यांनी. आपल्या घरांत संगमरवर आणि गुळगुळीत फरशी यांची हौस फार. अशक्त मागच्या पायांच्या श्वानाला ती बर्फासारखी वाटते. पाय फाकतात, तो पडतो आणि मग उठण्याचीच भीती घेतो. आम्ही पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत काथ्याच्या चटया आणि गोदामातील जुन्या सतरंज्या अंथरल्या. पाहुण्यांना ते विचित्र दिसते, दिसो.

आहाराचा विषय आपल्या घरांत थोडा नाजूक असतो. श्वान मांजराप्रमाणे केवळ मांसावर अवलंबून असलेला प्राणी नव्हे; लांडग्यापेक्षा त्याला पिष्टमय अन्न अधिक चांगले पचते. त्यामुळे त्याला शाकाहारावर ठेवता येते. परंतु वरण, भात आणि दूध-पोळी म्हणजे संतुलित आहार नव्हे. वयाबरोबर त्याचे स्नायू झिजतात, तेव्हा प्रथिने चांगल्या प्रतीची आणि पुरेशी हवीत. ब-१२ आणि ड जीवनसत्त्वांची उणीवही भरून काढावी लागते. तयार शाकाहारी खाद्य घ्यावे किंवा पशुवैद्यांकडून तक्ता करून घ्यावा. कांदा-लसूण श्वानाला विषारी असतात, त्या बाबतीत आपले स्वयंपाकघर आपोआपच सुरक्षित आहे. मात्र सुक्या मेव्याच्या डब्यातील मनुका आणि द्राक्षे त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वजनाबद्दल अमेरिकेतील एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. ४८ लॅब्रॅडोर पिलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीतील एकाला जन्मभर २५ टक्के कमी अन्न दिले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्यांचे ११.२ वर्षे भरले, आणि संधिवातही कमी खाणाऱ्यांना उशिरा झाला. बाह्य तपांतील ऊनोदरीचे महत्त्व आपल्याला नवे नाही. श्वानाच्या बाबतीत ती वाढणाऱ्याने पाळावयाची असते. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवताच सहज लागाव्यात, इतपत अंगकाठी असावी. आमच्याकडे प्रत्येक जण तूप लावलेला एकेक तुकडा देत असे आणि सात माणसांचे सात तुकडे होत. ते बंद करणे औषध देण्यापेक्षा कठीण गेले.

छाती खोल असलेल्या मोठ्या श्वानाला दिवसाचे सारे अन्न एकदम देऊ नये. सूर्यास्तापूर्वी घरची जेवणे आटोपताना त्यालाही एकच भरगच्च ताट वाढण्याची पद्धत काही घरांत आहे. त्याऐवजी दोन-तीन लहान वाटण्या कराव्यात. पोट फुगले, ओकारीचे उमाळे येऊनही काही बाहेर पडत नसेल आणि लाळ गळत असेल, तर पोटाला पीळ पडला असे समजून त्याच घटकेस दवाखाना गाठावा. सकाळपर्यंत थांबल्यास तो हाती लागत नाही. आणि चौविहार आपला असतो. त्याच्या भांड्यात रात्री पाणी असलेच पाहिजे.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. श्वान उठूच शकत नाही अशी वेळ येते तेव्हा पुष्कळदा दयामरणाचे इंजेक्शन सुचविले जाते आणि घर दुभंगते. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी बांधव रस्त्यावर उतरले, जैन आणि हिंदू व्यापारीही त्यांच्यात सामील झाले, बाजार बंद पडले. दोनच वर्षांनी भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. शेठ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभॉय यांचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता. हा वारसा असलेल्या घरात इंजेक्शनला नकार येणे मी समजू शकतो; आमच्याही घरात तो येईल. परंतु नकार देणाऱ्याने पुढचे काम अंगावर घ्यावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या श्वानाची कूस दर तीन-चार तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर हाडांपाशी जखमा होतात. त्याला स्वच्छ आणि कोरडे ठेवावे लागते, पाणी पाजावे लागते आणि वेदनाशामक ठरल्या वेळी द्यावे लागते. हे सारे नोकरावर टाकून आपण पेढीवर बसणार असू, तर आपण त्याला जगवतो आहोत की केवळ तळमळत ठेवतो आहोत, हे स्वतःला विचारावे. आणि असह्य यातना पाहून एखाद्या कुटुंबाने दुसरा निर्णय घेतला असेल, तर त्याविषयी चारचौघांत कठोर बोलण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

राजा आता दहा वर्षांचा आहे. वजन ३१ किलोंवर आले आहे आणि गोळी सकाळच्या खाण्यातून जाते. तो अंगणात दोन फेऱ्या मारतो, गिऱ्हाईक आले की बसल्या जागी शेपटी हलवतो. जिना त्याने कायमचा सोडला. बाबांनी आपली दुपारची गादी खाली दुकानाच्या मागच्या खोलीत आणून घेतली आहे.